तवंग नसलेलं पाणी

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. श्राद्धाला जमलेले लोक अजून म्हणतात, माणूस हुशार होता. होतातच. माझी तक्रार तीच आहे.

आपली लॉन्ड्री म्हणजे रेवदंड्याच्या रस्त्याला, घरामागची पत्र्याची शेड. कारखान्यांतून टेम्पो भरून यायचे ते तेलकट बॉयलर सूट आणि मशिनी पुसून काळ्या झालेल्या चिंध्या. तुम्ही कढत पाण्यात कॉस्टिक सोडा आणि साबण घालायचात आणि आई हाताने चोळायची. तिने एकदा रबरी हातमोजे मागितले, तेव्हा तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "मोज्यात कापड हाताला कळत नाही." विषय संपला. आज रेशनच्या दुकानात मशीनवर आईचा अंगठा उमटत नाही. दुकानदार एकेक करून दहाही बोटं लावून बघतो आणि म्हणतो, "मावशी, रेषाच नाहीत हो."

धुण्याचं पाणी टाकीत साठायचं आणि मग चरातून खाडीच्या ओहोळात जायचं. त्या ओहोळाला लागून शेजारच्या काकूंचं जिताड्यांचं तळं होतं. भरती आली की बांधातल्या उघाडीची फळी उचलून त्या पाणी आत घ्यायच्या. एके दिवशी त्या तावातावाने दारात आल्या. "भाऊ, पान्यावर त्याल दिसतंय. माझं मासं मरतील." तुम्ही हात जोडलेत, हसलात, बघतो म्हणालात. दुसऱ्या दिवशी मला टाकीपाशी बोलावलंत. मी आठवीत होते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन तुम्ही त्यात काळं तेल ओतलंत, ते वर तरंगलं. मग दोन चमचे पातळ साबण घालून ढवळलंत. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं आणि तवंग नाहीसा झाला.

"तेल कुठे गेलं?"

"कुठंच नाही. साबणाने त्याचे बारीक बारीक थेंब केले. आता ते परत एकमेकांना चिकटत नाहीत, वर येत नाहीत." आणि ग्लास उजेडात धरून म्हणालात, "जे दिसत नाही, ते कोण पकडणार?"

इतकं सोपं करून रसायनशास्त्र मला पुढे कुणीही शिकवलं नाही. त्या दिवसापासून पाणी सोडण्याआधी टाकीत साबणाचा कॅन रिकामा होऊ लागला. ओहोळ स्वच्छ दिसायचा. पंधरा दिवसांत जिताडे उलटे झाले. मला दिसतंय, काकू कमरेएवढ्या पाण्यात उभ्या आहेत, दोन्ही हातांनी मासे उचलून बांधावर टाकताहेत, आणि रडत नाहीत. त्या तळ्याच्या भरवशावर त्यांनी लेकीचं लग्न धरलेलं होतं.

मासे मेल्याची बातमी गावभर झाली, तसे चौकशीला प्रदूषण मंडळाचे एक साहेब आले. त्यांनी बाटलीत पाणी भरून उन्हात धरलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाळ, इथे तेल सोडता का?" मी म्हणाले, "नाही. साबणाचं पाणी आहे." तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत, इतकी तुमची खात्री होती. साहेब गेले. त्याच आठवड्यात तुम्ही अलिबागहून मला मनगटी घड्याळ आणलंत. वाढदिवस नव्हता.

आता मी एका कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करते. तसंच दुधी पाणी माझ्या टाकीत येतं. आम्ल घालून मी साबणाची पकड सोडवते, तुरटी घालते, खालून हवेचे बुडबुडे सोडते, आणि काळी तेलकट मळी वर येते. तुम्ही लपवलेलं वर काढायला मला पदवी घ्यावी लागली.

गेल्या महिन्यात मी काकूंकडे गेले. त्या ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "काकू, तुमचे मासे आमच्या पाण्याने मेले. बाबांनी मुद्दाम साबण ओतला होता."

त्यांचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय. पान्याला तुमच्या शेडचा वास व्हता."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"शेड बंद झाली असती. तुझ्या आयशीचे हात मी बघितले व्हते. म्हटलं, ती बाय आता कुठं जाईल?"

बाबा, जिचं तळं तुम्ही मारलंत तिला आईचे हात दिसले. तुम्ही तर रोज त्याच हातची भाकरी खात होतात. ओटीवरून उठताना मला तुमची इतकी शिसारी आली की रस्त्याने चालता चालता मी मोठ्याने तुम्हाला शिवी दिली. समोरून येणारा रिक्षावाला वळून बघायला लागला.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, आईला तर नाहीच. म्हणून इथेच लिहिते. काकूंना मी 'बाबांनी ओतला' असं सांगितलं. त्या पंधरा दिवसांत तुम्ही टेम्पोबरोबर बाहेर असायचात, कॅन मी ओतायचे. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून ओतायचे, हे खरं. पण पाणी पांढरं होताना बघायला मला आवडायचं. ते मी काकूंना सांगितलं नाही.