काळ्या डबीवर मी आवळलेल्या पट्टीबाबत

प्रति,
माननीय वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या गाडीच्या इंजिनाचा बिघाड जोडणीच्या दोषामुळे नसून माझ्या हातून झाल्याबाबत; आणि त्यापायी थांबवलेला माझ्या भाचीचा जोडणी-परवाना कायमचा रद्द न करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले खुलासा मागणारे पत्र. मला मिळून सात महिने झाले. उत्तर दिलेले नाही.
२) परवाना स्थगितीची नोटीस, भाचीच्या गॅरेजच्या दारावर लावलेली. अंतिम सुनावणी येत्या अठ्ठावीस तारखेस.

महोदय,

संदर्भ क्रमांक एकचे पत्र मी इतक्या वेळा वाचले आहे की ते घडीवर फाटले आहे. त्यात आपण तीन प्रश्न विचारले होते. गाडीत बाहेरचा ईसीयू, म्हणजे इंजिनाला इंधन किती व केव्हा द्यायचे ते ठरवणारी डबी, कोणी बसवली. तिच्यात आकडे कोणी भरले. आणि बसवल्यानंतर तिला अन्य कोणी हात लावला होता काय. पहिल्या दोहोंचे उत्तर ‘भाचीने’ एवढेच होते. तिसऱ्या वाक्याच्या शेवटी मात्र प्रश्नचिन्हाऐवजी पूर्णविराम होता. मी चौतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. त्या पूर्णविरामावरून माझी समजूत झाली की आपणास सर्व ठाऊक आहे आणि मी काय लिहितो एवढेच आपण पाहत आहात. म्हणून मी गप्प बसलो. उत्तराचे अकरा मसुदे केले. प्रत्येकातून अनावश्यक वाटले ते खोडत गेलो. अकराव्यात ‘महोदय’ तेवढे उरले.

आता खालीलप्रमाणे निवेदन करतो.

१. गाडी माझ्या नावावर असली तरी चालवते माझी पत्नी. मी शेजारी बसून रस्ता वाचतो. गाडी टर्बोची आहे; इंजिनाच्या धुराच्याच जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो, असे मला समजावण्यात आले आहे. मूळ ईसीयू पाणी शिरून निकामी झाला. कंपनीने तो बनवणेच बंद केले होते. पत्नीच्या बहिणीची मुलगी आपल्याच कार्यालयाच्या परवान्याने बाहेरचे ईसीयू बसवते. त्यामुळे दुसरीकडे जाण्याचा प्रश्न नव्हता. तो मी मनात उपस्थित केला होता, पण घरात बोललो नाही.

२. डबी काळी, साधारण शब्दकोशाएवढी. ती पुढे बसणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, पायांपाशी बसवली. इंजिनापासून पेन्सिलीइतकी जाड एक रबरी नळी तिच्यापर्यंत येते. हवेचा दाब किती आहे ही खबर डबीला त्या नळीतूनच कळते आणि त्यानुसार ती इंधन सोडते. बसवल्यावर भाचीने आकडे भरले, तेही चालत्या गाडीत. पत्नी चालवत होती, भाची शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन आणि मी मागे. भाची म्हणाली, “मावशी, तिसऱ्यात टाक आणि पूर्ण दाब. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही. काका, तुम्ही काहीतरी धरून बसा.” मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे पुढील दोन मिनिटांबाबत साक्ष देऊ शकत नाही. गाडी उत्तम चालू लागली हे मात्र मान्य करतो.

३. काम झाल्यावर भाचीने त्या आकड्यांना परवलीचा शब्द लावून टाकला. आमच्या गाडीला कुलूप, आणि किल्ली तिच्याकडे! मी कारण विचारले. ती हसत म्हणाली, “काका, ते तुमच्यासाठी नाही हो. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी बोटं घालू नयेत म्हणून.” इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या गॅरेजात आपण जाणारच नाही, तेथील माणसांची भीती हिला का? शिवाय पाचशे किलोमीटर झाल्यावर ‘एकदा बघून घेईन’ म्हणून तिने गाडी मागितली. मी ठरवून टाकले की तेव्हा ही चांगली डबी काढून हलकी घालणार. याला पुरावा काय, असे आपण विचाराल. काही नव्हता. पत्नी म्हणते की मला संशय घ्यायला आरसासुद्धा पुरतो.

४. आमचा छापखाना परीक्षांच्या प्रश्नपत्रिका छापत असे. पाकीट बंद झाले की त्याच्या जोडावर कागदी पट्टी लावून तिच्यावर आडवी सही करायची, म्हणजे कोणी उघडले तर सही फाटते. ही पट्टी आवळून लावावी लागते, कारण सैल पट्टी वाफेवर सुटते. हे मला शिकवलेले होते आणि मी पुढे इतरांना शिकवले. त्याच रीतीने मी डबीच्या झाकणाच्या जोडावर सहीची पट्टी लावली. जोडावरून ती नळी जात होती. तिला बाजूला सारता येईना, तेव्हा पट्टी नळीवरूनच घेतली आणि आवळली.

५. चार दिवसांनी पत्नी म्हणाली, “गाडी हल्ली एकदम दाबली की अडखळते.” महोदय, कोणत्याही शहाण्या माणसाने येथे स्वतःची पट्टी आठवली असती. पाचशे किलोमीटर अजून भरले नव्हते, तरी मी ताडले की भाचीने आमच्या नकळत डबी बदलली. सही शाबूत होती, त्यावरून माझा तर्क असा की भाचीने सहीची हुबेहूब नक्कल केली. म्हणून मी पहिलीवर दुसरी पट्टी लावली. ती आणखी आवळली. वरून छापखान्यात बांधतात तसा दोरा बांधला. साप साप म्हणून भुई धोपटावी, तशी मी ती नळी चिरडली.

६. बाहेरचा ईसीयू बसवल्यावर आपल्या कार्यालयात चाचणी द्यावी लागते. त्या दिवशी चाके जागेवरच फिरवणाऱ्या रुळांवर गाडी चढवून आपल्या तपासनीसांनी पाय पूर्ण दाबला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. एका पिस्टनची कड वितळली होती, हे मागाहून कळले. भाचीसह सगळे पुढचे झाकण उघडून वाकले. मी आतल्या बाजूने वाकलो, आपला सीलबंद पुरावा पाहायला. पट्ट्या शाबूत होत्या. मला बरे वाटले. हे मी लिहितो आहे कारण ते खरे आहे: इंजिन जळाले होते आणि मला बरे वाटले, की डबी तीच आहे. मग पट्टीखाली नळी फितीसारखी चपटी झालेली दिसली. मी दोरा तोडला, दोन्ही पट्ट्या सोलून खिशात घातल्या. नळी पाहता पाहता पुन्हा गोल झाली.

७. त्यानंतर भाचीने डबी, तारा, नळी, आकडे सर्व तपासले. काही सापडले नाही. सापडणार कसे? तपासनीसांनी विचारल्यावर ती म्हणाली, “मग माझंच काहीतरी चुकलं असणार.” ते वाक्य आपल्या अहवालात आहे. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. माझा हात खिशात होता.

८. सात महिने तिचे गॅरेज बंद आहे. ज्यांच्यासाठी परवलीचा शब्द लावला, त्यांच्यापैकीच एकाकडे ती आता तेल बदलण्याचे काम करते. आमचे इंजिन तिच्या बंद गॅरेजातच आहे; ते तिने सुट्टीच्या दिवशी येऊन तीनदा उकलले, स्वतःची चूक शोधण्यासाठी. मी चहा घेऊन गेलो की विचारते, “काका, त्या दिवशी तुम्हाला काही वेगळं जाणवलं होतं का?” मी तीनही वेळा नाही म्हणालो.

९. मला यंत्रातले कळत नाही, त्यामुळे वरील कारणाचाही मला संशय आला. वाचनालयातून पुस्तक आणले. तशीच नळी आणून तितकीच पट्टी आवळली आणि न्हाणीघराला कडी लावून फुंकून पाहिले. फुंकर पलीकडे गेली, पण उशिरा आणि थोडी. पुस्तकाप्रमाणे हळू चालवताना इतक्याने भागते. एकदम दाबले की हवा आधी पोहोचते आणि खबर मागून, तोवर इंधन कमी पडते आणि पिस्टन जळतो. डबीने तिला कळले तसे केले. भाचीने भरलेले आकडे बरोबर होते.

१०. आता माझी भीती निराळी आहे. आपण म्हणाल, म्हातारा नात्यातल्या मुलीला वाचवण्यासाठी गुन्हा अंगावर घेतो आहे. आपल्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि अर्ज बाजूला ठेवला असता. म्हणून दोन्ही पट्ट्या सोबत जोडल्या आहेत. आतल्या बाजूस नळीचा वळ उमटला आहे, सही माझी आहे, सहीखाली तारखा आहेत. सही आपल्याकडील वाहन नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावी. तेवढ्यानेही खात्री न पटल्यास मला सुनावणीस बोलवावे. मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी येईन, आणि आपणासमोर पट्टी लावून दाखवीन.

मागणी एकच : भाचीचा परवाना तिला परत मिळावा आणि अहवालातील ‘जोडणीत दोष’ हे शब्द काढून तेथे माझी नोंद व्हावी. जी काही कारवाई करायची ती माझ्यावर करावी. एवढे आपल्या हातून झाले की मला आणखी काही मागायचे नाही.

आपला नम्र,
(सही)
वाहनमालक, निवृत्त मुद्रितशोधक
मंगळवार, सतरा तारीख

सोबत : १) सहीच्या कागदी पट्ट्या, दोन. २) प्रयोगासाठी वापरलेली नळी. ३) आपले मूळ पत्र, घडीवर फाटलेले.

ता. क. : हे टपाल कार्यालयातील बाकावर बसून लिहीत आहे. अर्ज दुपारी पत्नीला वाचायला दिला. तिने तो उभ्यानेच वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि म्हणाली, “टपाल पाचला बंद होतं. चला.” ती दारापर्यंत सोबत आली. तिथून ती भाचीच्या बंद गॅरेजच्या रस्त्याला वळली. आज भाचीला सुट्टी आहे; ती तिथे आमचे इंजिन चौथ्यांदा उघडणार आहे. जाताना पत्नी म्हणाली, “मी तिला एक अक्षर सांगणार नाही. ते तुम्ही येऊन सांगायचं.” रांगेत माझ्यापुढे दोन माणसे होती, तीही गेली. खिडकीतल्या बाईंनी हात पुढे केला आहे. पाकीट देतो, आणि तिकडे जातो.