सात नंबरचं पिंप

२ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. थोर माणसं लिहितात, मग मी का नको?

काल जेवताना बाबांनी जाहीर केलं. दहा जूनला ते दोन्ही पिंपं चाखणार. सात नंबर माझं, आठ नंबर धाकट्या भावाचं. ज्याची वाइन सरस, तळघर त्याच्या ताब्यात. म्हणाले, माझे गुडघे आता त्या पायऱ्या उतरायला तयार नाहीत.

खरं तर चाखायची गरजच नव्हती. मी थोरला. शिवाय घराण्याचं नाक माझ्याकडे आलंय. धाकट्याकडे नुसती चिकाटी. माझ्या पिंपात निव्वळ शिराज आहे. त्याने शिराजमध्ये काबर्ने घातलीय. ज्याचा एका द्राक्षावर विश्वास बसत नाही, तो दुसरं द्राक्ष शोधतो.

माझी पद्धत साधी. दीड वर्षात पिंपाला हात लावलेला नाही. वाइनला एकांत लागतो. तीस वर्षं आमचं तळघर सांभाळणारा मिस्त्री दर पंधरवड्याला झारी घेऊन पिंपापिंपांवर फिरतो, काय करतो देव जाणे. त्याला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सात नंबरकडे फिरकायचं नाही.

संकल्प: बाटलीच्या मागच्या लेबलवर छापायचा मजकूर आत्ताच लिहून ठेवणे. मसुदा पहिला: 'काळी मिरी, पिकलेलं आलुबुखार, किंचित धूर. भाजलेल्या कोकरासोबत.'

७ मार्च

मजकुराला प्रेरणा मिळावी म्हणून तळघरात जाऊन उभा राहिलो. सात नंबरच्या बुचाशेजारी लाल ओघळ. ताजा. मी पिंप उघडलेलं नाही. मग कुणी उघडलं?

बुचावरून लाकडापर्यंत खडूची बारीक रेघ मारून ठेवली. गुपचूप.

९ मार्च

रेघ तुटलीय. बूच फिरलंय. म्हणजे चोरी!

बायकोला सांगितलं. ही म्हणाली, आधी मोजा तरी किती गेली ते. हिला तपासाचं शास्त्र ठाऊक नाही, पण मोजली. बूच काढून काठी घातली. पिंप काठोकाठ भरलेलं.

आधी हायसं वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. चोर वाइन काढतो आणि तेवढंच पाणी भरतो! चाखून पाहिली. पाणी अजिबात जाणवलं नाही. म्हणजे चोर फारच सराईत आहे.

१२ मार्च

मिस्त्रीला आडून विचारलं. तो म्हणाला, लाकूड पितं, साहेब. प्रत्येक पिंपातून आठवड्याला थोडी थोडी उडून जाते. वरून भरली नाही तर आत हवा शिरते, मग वाइन आंबते. तुमचं भरलेलं असेल तर कुणीतरी भरत असणार, बरंच आहे की.

म्हणे लाकूड पितं! तीस वर्षं पिंपांत राहून माणसाने प्यायची आणि नाव लाकडाचं. चोराच्या उलट्या बोंबा.

१९ मार्च, दुपार

पकडला. चाळीस मिनिटं रिकाम्या क्रेट्सच्या मागे बसलो होतो. डावा पाय बधिर झाला, पण पकडला.

धाकटा निघाला. माझा सख्खा भाऊ! एका हातात झारी, दुसऱ्या हातात माझ्या पिंपाचं बूच.

जराही दचकला नाही. म्हणाला, दादा, मी काढत नाहीये, भरतोय. मिस्त्रीला तू बंदी केलीस. स्वतः तू भरत नाहीस. म्हणून दीड वर्ष मीच जमेल तेव्हा माझ्याकडची उरलेली शिराज ओततोय. बाबांसमोर तुझं हसू नको व्हायला.

मी एकच प्रश्न केला. जगाच्या पाठीवर कुणी आतल्या बाजूला चोरी केलीय का? त्याने झारी रिकामी केली आणि बूच घट्ट बसवलं.

फार लागलं. अस्तनीतला निखारा तो हाच. ह्याला सायकल मी शिकवली. माझ्या हातून सुटून पडला, दात पडला, तर घरी माझं नावही सांगितलं नाही पठ्ठ्याने. तेव्हाच ओळखायला हवं होतं, हा आतल्या गाठीचा आहे.

२० मार्च

बुचावर लोखंडी पट्टी ठोकून घेतली. तिला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात. धाकट्याला बजावलं, सात नंबरच्या दहा पावलांत दिसायचं नाही. तो म्हणाला, नाही येणार, पण भरत जा रे दादा.

केसाने गळा कापणारी माणसं अशीच गोड बोलतात.

संकल्प: रोज पिंप उघडून तपासणी. रोज एक छोटा ग्लास काढून ठेवणे, पुरावा म्हणून.

२१ मार्च

तपासणी पार पडली. पुरावा उत्तम होता.

४ एप्रिल

घात! वाइन दोन बोटं खाली गेलीय. कुलूप शाबूत, पट्टी शाबूत. याचा अर्थ दुसरी किल्ली बनवलीय. माझ्या गळ्यापर्यंत पोचू शकणारी व्यक्ती घरात एकच.

हिला विचारलं. हिने हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, तुम्ही रोज संध्याकाळी तोंडाला वास घेऊन घरी येता, तो कुठून येतो?

विषयांतर. मन दुखलं. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि हिलाही धाकट्याने फोडलं.

१८ एप्रिल

पाच बोटं! कुलूप बदललं. आता तपासणी दिवसातून दोनदा, पुरावेही दोन. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर पहारा वाढवायलाच हवा.

एक आनंदाची गोष्ट. वाइनला वेगळीच धार येऊ लागलीय. जिभेच्या कडांना चुरचुरते. अशा धारेलाच जाणकार कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. लेबलवरचं कोकरू काढून टाकलं. नवा मसुदा: 'तळलेल्या मासळीसोबत. वर लिंबू पिळण्याची गरज नाही.'

९ मे

उकाडा. तळघरात चिलटं झालीत. गंमत म्हणजे सगळी माझ्या पिंपावर. आठ नंबरवर एकही नाही. ज्याला दोन पंख आहेत त्यालाही समजतं, फक्त आमच्या घरच्यांना समजत नाही.

मिस्त्री सात नंबरवरून जाताना हल्ली नाकाला रुमाल लावतो. गोरगरिबाच्या नाकाला इतकी कॉम्प्लेक्सिटी झेपत नसावी. माझं पिंप हलवून कोपऱ्यात ठेवू का, असं विचारत होता. बाकीच्यांना लागण होईल म्हणे. हाही त्यांच्यातलाच. तीस वर्षांचं मीठ अळणी निघालं.

१७ मे

मोठा धागा सापडला. पिंप उघडताच नेलपॉलिशचा वास आला. स्पष्ट, शंकाच नको. म्हणजे चोर बाई आहे! ही नेलपॉलिश लावत नाही. धाकट्याची बायको लावते.

नवराबायको दोघं मिळून. आणि मी मात्र भावजय आल्यापासून तिला पाठच्या बहिणीसारखं मानलं. जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

२३ मे

हिची मनातल्या मनात माफी मागितली. पुरावा एका बाटलीत भरून घरी आणला. हिने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तो काकडीच्या चकत्यांवर शिंपडला. खाऊन म्हणाली, मस्त लागतंय.

बावीस वर्षांत माझ्या वाइनचं पहिलं कौतुक. डोळे भरून आले. मसुदा तिसरा: 'काकडी, कांदा, कोबी. कुठल्याही सॅलडवर.' इतकी मनमिळाऊ शिराज दुसऱ्या कुणी बनवली असेल असं वाटत नाही.

७ जून

धाकटा आला. दहा पावलांवर थांबला, तेवढी शिस्त आहे. म्हणाला, दादा, बाबांना सांगू की तुझी वाइन अजून तयार नाही. तोवर माझ्यातली अर्धी तू घे, सात नंबरच्या नावाने ठेव. कुणाला कळणार नाही.

मी म्हटलं, भीक नको. मग पिंप उघडून वास घे म्हटलं, जवळ ये, आज परवानगी आहे. तो वाकला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पश्चात्ताप. उशिरा का होईना.

पातळी वीतभर खाली. तरी जिंकणार. बाबा काही मोजायला येत नाहीयेत, चाखायला येताहेत.

१० जून, संध्याकाळ

बाबा एकेक पायरी करत उतरले. आधी आठ नंबर. एक घोट घेतला आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

मग सात नंबर. कुलूप मीच काढलं. बाबांनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. चाखलीसुद्धा नाही. म्हणाले, ह्याचं व्हिनेगर झालंय. मग आत काठी घालून पाहिली आणि विचारलं, पिंप इतकं रिकामं कसं? भरायचं कुणाकडे होतं?

चोरीची सगळी हकिकत मला तोंडपाठ होती, तारखांसकट. सुरुवात करण्याआधी ग्लास उचलून हुंगला. तीन महिने रोज हुंगत होतो. आज बाबांच्या शेजारी उभं राहून हुंगला आणि व्हिनेगरचा वास आला. नुसता व्हिनेगरचा.

धाकटा म्हणाला, माझ्याकडे होतं बाबा. माझ्या हातून राहून गेलं.

मिस्त्री जमिनीकडे बघायला लागला. ही माझ्याकडे बघत होती. मला एवढंच म्हणायचं होतं: नाही बाबा, कुलूप मी लावलं. पाच शब्द. गळ्यापर्यंत आले. मी खोकलो.

बाबांनी काठी पुसून भिंतीला टेकवली. मग म्हणाले, वाइन कुणाचीही बिघडते, माझीही दोनदा बिघडली. बिघडल्यावर जो पुढे होऊन सांगतो, त्याच्या हाती तळघर द्यावं. आणि धाकट्याला दिलं.

तीन महिने पहारा दिला. तळघरातून थेंबभरही चोरीला गेलं नव्हतं. जे काय गेलं ते आज, सगळ्यांच्या देखत. चूक माझी होती. तीही धाकट्याने नेली.