राजीनाम्याखालची सही

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लग्नानंतरचं हे पहिलं पत्र. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, ऊन भरपूर. सासूबाई मोजकंच बोलतात, पण माझ्यासाठी जेवायच्या थांबतात. हे घोरतात! स्थळ बघताना एवढं विचारायला विसरलास ना?

सोमवारी माझी रजा संपते. चष्म्याचं वर्कशॉप इथून चालत दहा मिनिटांवर. म्हणून तर याच स्थळाला मी चटकन हो म्हटलं. भिंगं घासायला हात नुसते शिवशिवताहेत.

बाबांना जप. वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तश्शीच राहू दे.

तुझी चिमी

७ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. घोरण्यावरचा उपाय वहिनीला विचार, दहा वर्षं सोसतेय बिचारी.

कामाची एवढी काय घाई? आधी घरात रुळ. वर्षभर तरी वर्कशॉपचं नाव काढू नकोस. मोठा भाऊ सांगतोय तर ऐकावं. बाबांची काळजी नसावी.

तुझा दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र हाती पडायच्या आधीच सोमवारी कामावर गेले होते. माझ्या मशीनवर दुसरी मुलगी बसलेली. मुकादमांनी माझा राजीनामा पुढे केला. टपालाने आलेला, लग्नाच्या आठ दिवस आधीचा. खाली सही माझ्या नावाची, अक्षर तुझं. मला बोट धरून गिरवायला शिकवलंस तू. तुझं अक्षर मी ओळखणार नाही?

घरी येऊन यांना विचारलं. हे गोंधळूनच गेले. म्हणाले, नोकरी सोडायची अट आईची होती, मी तिला समजावणारही होतो. पण तुझे दादा म्हणाले, चिमीलाच कामाचा कंटाळा आलाय. मग मी गप्प बसलो.

दादा, मी होकार दिला तो कोणत्या अटीला, हे एकट्या मलाच ठाऊक नव्हतं. निदान मुकादमांना खरं काय ते लिहून कळव. जागा अजून पक्की भरलेली नाही.

चिमी

१५ फेब्रुवारी

चि. चिमीस,
आशीर्वाद.

हो, मीच लिहिला. पाच ठिकाणांहून नकार आलेले, बाबा अंथरुणावर. हे स्थळ हातचं घालवायचा धीर होईना. वाटलं, संसारात रमलीस की विसरशील. वहिनीलाही बोललो नव्हतो. काल तुझं पत्र वाचल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही.

पण मुकादमांना लिहायला सांगू नकोस. खोटी सही केली हे कागदावर कसं कबूल करू? चारचौघांत माझी काय राहील? तुझ्या भल्यासाठीच केलं गं. पोटात घाल.

दादा

२१ फेब्रुवारी

दादा,

मुकादमांना मीच सगळं सांगितलं. हे सोबत आले होते. मुकादमांना वाईट वाटलं, पण मी तुझ्या पत्राची वाट बघत राहिले आणि आदल्याच दिवशी त्यांनी त्या मुलीला कायम केलं होतं. बसने तासाभरावर दुसरं वर्कशॉप आहे, तिथे शिकाऊ म्हणून घेताहेत. सहा वर्षांचं काम पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई अबोला धरून आहेत. हे दोघींच्या मध्ये उभे आहेत, अजून तरी.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. यापुढे पत्रं वहिनीच्या नावाने येतील. तिने वाचून दाखवली, तर ऐक.

चिमी