वरच्या कप्प्यातल्या पेशी

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. आईला सांगा, स्वेटर एक नाही, दोन घातलेत, त्यामुळे मी सध्या उशीसारखी दिसते. फोनवर तुम्हाला ‘हं, हं’ यापलीकडे बोलता येत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. तुमच्या पत्राचा फोटो काढून आईनं पाठवायचा, हेही ठरलंच आहे.

शरीर रोगाशी कसं लढतं, ते चार आठवडे शिकायचं आणि परत जाऊन आपापल्याकडच्या मुलामुलींना शिकवायचं, असा हा वर्ग. आम्ही बावीस जण, सगळे अशा देशांतले, जिथे यंत्र बिघडलं की कंपनीचा माणूस वर्षभर फिरकत नाही. एकमेकांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून कामावरून हाका मारतो. एक डासवाली आहे, एक मेंढ्यांचा डॉक्टर, आणि क्षयरोगावर काम करणारे खोकलेबुवा, जे स्वतः अजिबात खोकत नाहीत. मी लसवाली. मुख्य बाई सत्तरीच्या आहेत, आवाज मऊ, पण एखादी पायरी गाळलेली त्यांना पाठमोऱ्या असतानाही कळते.

प्रत्येकानं आपले नमुने आणायचे होते. साठ बाळांच्या रक्तातल्या पेशी आपल्या लॅबच्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये आहेत, त्यातल्या दहा कुप्या कोरड्या बर्फात घालून आणल्या. पाच चांगल्या वजनाच्या बाळांच्या, पाच अशक्त बाळांच्या. तुम्हाला सांगितलंच होतं, लस दिल्यावर काही पेशी तो जंतू लक्षात ठेवतात, आणि आमच्या हिशेबात अशक्त बाळांच्या पेशींना तो आठवतच नाही. आमच्या लॅबच्या मॅडम या महिनाअखेर तसा निबंध छापायला पाठवणार आहेत. त्यावर दुसरं नाव माझं असेल, बाबा!

तुमच्या गुडघ्याला तेल लावा आणि आईच्या धाकात राहा.
तुमची,
ठकू

५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. तुझ्या आईनं मोठ्यानं वाचून दाखवलं, तेलाचं वाक्य दोनदा. दुकानात सध्या तीन फ्रिज आणि एक कुलर पडून आहेत. एका बाईंनी बर्फ सुटावा म्हणून सुरी खुपसली आणि नळीला भोक पाडलं. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं, सुरी नवऱ्यानं खुपसली. नवरा शेजारीच उभा होता.

खोकलेबुवांना माझा नमस्कार. निबंध छापून आला की त्याची एक प्रत दुकानात लावीन, गिऱ्हाईकांना कळो न कळो.

सध्या एवढंच. माया आहे, ती लिहून दाखवायची सवय नाही.
बाबा

१० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज मन थाऱ्यावर नाही. काल मी कुप्या उघडल्या. बाईंनी विचारलं, पेशींना आठवत नाही असं म्हणण्याआधी त्या जिवंत आहेत का ते पाहिलं का? ते पाहणं अगदी सोपं असतं. निळा रंग घालायचा. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, मेलेली निळी होते. माझ्या पाच कुप्या छान निघाल्या. अशक्त बाळांच्या पाचही कुप्या निळ्याशार.

खरं सांगते, घरी आम्ही ही पायरी गाळली होती. आमचा रंग संपला आणि मागवलेला आला नाही. वेळ जातो म्हणून पुढे गेलो. बाईंना हे सांगताना कान तापले. त्या रागावल्या नाहीत. मेलेल्या पेशीला काहीच आठवत नाही, इतकंच म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रवासात बिघडल्या म्हणावं, तर दहाही एकाच डब्यात होत्या. मग आठवलं, तीसही अशक्त बाळांच्या सगळ्या कुप्या वरच्या कप्प्यात असतात, बाकीच्या खाली. बाबा, तुम्हीच तो फ्रीजर मागे दुरुस्त केला होता. मॅडमना कळवलं आहे, उद्या लॅबमध्ये जाऊन तो एकदा बघाल का? निबंध पंचवीस तारखेला जायचा आहे. तो तसाच गेला, तर अशक्त बाळांना लस देऊन उपयोग नाही, असा अर्थ कुणीतरी काढेल.

उत्तर लवकर धाडा.
ठकू

१२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

लॅबमध्ये जाऊन आलो. काटा उणे ऐंशीवर आहे. मोटर व्यवस्थित चालते. इकडे सगळं ठीक. तू अभ्यासाकडे लक्ष दे.
बाबा

(ठकू, मी आई. फोटो काढता काढता लिहिते आहे. हे लॅबमध्ये एकदा नाही, तीनदा जाऊन आले. जेवताना ताटाकडे बघत बसतात. विचारलं तर म्हणतात, दात दुखतो. कुठला, ते सांगता येत नाही.)

१५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मागच्या पत्रात जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. आता पूर्ण लिहितो.

फ्रीजरमध्ये पांढरं भुरभुरीत हिव असतं, ते हवेतल्या ओलीचं. ते दिसलं तर काळजी नसते. वरच्या कप्प्यात खोके खाली चिकटले होते आणि त्यांच्याखाली काचेसारखा स्वच्छ बर्फ होता. असा बर्फ पाणी झालेलं पुन्हा गोठलं तरच होतो. चिठ्ठ्यांची शाई पसरली होती. खालचा कप्पा कोरडा. म्हणजे मध्यंतरी कधीतरी फ्रीजर बंद पडला, वरचं वितळलं, खालचं तगलं, आणि तो आपोआप सुरू झाला. ऑक्टोबरच्या सुट्टीत तीन दिवस वीज येत-जात होती, माझं दुकानही तेव्हा बंद होतं.

तू विचारशील, मग फ्रीजरचा धोक्याचा भोंगा का वाजला नाही? तो मी तोडला होता. दुरुस्तीच्या वेळी वीज जरा कमी झाली की तो केकाटायचा, सगळे कंटाळले होते. मी तार काढून ठेवली आणि म्हणालो, आठवड्यात नवा भाग बसवतो. कुणी आठवण केली नाही आणि मीही विसरलो. सोळा महिने झाले. ती तार अजून माझ्या खणात आहे, वर कागद गुंडाळून, ‘लॅब’ असं लिहून.

पहिल्याच दिवशी मला कळलं होतं. तुला लिहायचा धीर होईना. निबंधावर तुझं नाव येणार म्हणून मी दुकानात जागा ठरवून ठेवली होती.

आज सकाळी मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं की भोंगा कधी बसेल. मी म्हणालो, आज. दुपारी बसवला, वेगळ्या बॅटरीवर, वीज गेली तरी वाजेल असा. निबंध त्यांनी थांबवला आहे.

लोभ उरला असेल तर कळव. नसेल तरी कळव.
बाबा

१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

लोभाचं असं विचारू नका, मला चष्मा पुसावा लागतो.

राग आला होता, नाही कसं म्हणू? तुमचं पत्र वाचून मी आवारात तीन फेऱ्या मारल्या. दोन तुमच्या रागात आणि तिसरी माझ्या. भोंगा तुम्ही तोडलात, पण रंग मी गाळला. रंग घातला असता तर चार महिन्यांपूर्वीच कळलं असतं.

आज माझ्या निकालांवर बोलायची पाळी होती. मी उभी राहिले आणि सांगितलं की निकाल खोटा आहे, आणि का खोटा आहे तेही सांगितलं. वडिलांचं नाव काढू की नको, असा विचार आला. मग म्हटलं, अर्धं सांगण्यात काय अर्थ? काढलं. वाटलं होतं, खाली माना घालतील. पण खोकलेबुवांनी हात वर केला आणि सांगितलं की त्यांचा फ्रीजर दोन उन्हाळे असाच गेला, आजवर कुणाला बोलले नव्हते. मग डासवाली. मग मेंढ्यांचे डॉक्टर. तासाचे दोन तास झाले. बाईंनी शेवटी विचारलं की तुमच्या वडिलांचा बॅटरीवरचा भोंगा कसा जोडतात. मला सांगता आलं नाही. आकृती काढून धाडा, बावीस प्रती हव्यात.

तुलना करायची तर सगळं एकाच वेळचं हवं, म्हणून साठही बाळांचं रक्त पुन्हा घ्यावं लागेल. त्यांच्या आयांना काय तोंड दाखवू, हाच घोर आहे.

तुमचीच, रागावून झाल्यावर अधिकच,
ठकू

४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आरोग्य केंद्राच्या खोलीत पंखा आहे आणि तो फिरतोही. बाळांचं रक्त घ्यायला इथे येऊन आज अठरा दिवस झाले. साठांपैकी एक्केचाळीस आया पुन्हा तयार झाल्या. प्रत्येकीला आधी सांगते की मागचं रक्त आमच्या हातून वाया गेलं. एकीनं ऐकलं, बाळ उचललं आणि निघून गेली. तिचं काय चुकलं? दुसरीनं विचारलं, हे न सांगता दुसरं काही कारण देता आलं असतं ना? मी हो म्हणाले. तिनं बाळाचा पाय माझ्यापुढे केला.

मॅडमचा निरोप काल आला. पहिल्या बारा अशक्त बाळांच्या पेशी तपासल्या, रंग घालून. जिवंत आहेत. आणि बाबा, त्यांना लस आठवते. बारा म्हणजे काही फार नाहीत, बाकीच्या अजून तपासायच्या आहेत. पण आठवते.

आणखी एक. पुढच्या महिन्यापासून मॅडम आणि मी सहा नव्या मुलामुलींना शिकवणार आहोत. पहिले दोन दिवस पेशींना हात लावायचा नाही, फ्रीजर शिकायचा. तो शिकवायला तुम्ही यायचं, असं मॅडमनी सांगितलं आहे. सांगितलं आहे, विचारलेलं नाही.

आईला आणि गुडघ्याला विचारलं म्हणून सांगा.
ठकू

१२ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

मला शिकवता येत नाही. माझ्या हाताखाली आजवर दोघे आले, दोघेही टिकले नाहीत. हे मी मॅडमना सांगायला गेलो, तर त्यांनी वेळापत्रक हातात दिलं. सोमवार आणि मंगळवार, दहा ते एक. नावापुढे ‘सर’ लिहिलंय. तुझ्या आईनं दोनदा वाचलं आणि निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

चार दिवस वहीत लिहितोय. मोटर कशी, नळ्या कशा, वीज गेली तर आधी कुठला कप्पा तापतो. आकृत्या बऱ्या जमल्यात. पण सुरुवात कशी करावी, ते सुचत नव्हतं. शिकलेली मुलं समोर असणार. नमस्कार म्हणावं, की आधी नाव सांगावं?

काल ठरलं. फ्रीजरशेजारी उभा राहीन, दारावर हात ठेवीन आणि सांगीन की हा मी दुरुस्त केला होता, आणि माझ्याच चुकीमुळे यातल्या तीस बाळांच्या पेशी वाया गेल्या. मग दार उघडीन.

तू मागच्या बाकावर बस. पुढे बसू नकोस.
बाबा