उडवीखालचा झरा

आबा, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचा लिहिताना हात दुखतो, म्हणून वळसे न घेता सांगते. माझी लेक, तुमची नात, मुंबईला संशोधन करते. डोळ्याला न दिसणारे कण असतात म्हणे, ते यंत्रात आपटून कुठं जातात ते शोधायचं. यंत्राला हात लावायच्या आधी सगळं कॉम्प्युटरवर खोटं खोटं करून बघतात. त्याची सॉफ्टवेअरं दोन. एक जुनं, रडतरखडत चालणारं. एक नवं, चटपटीत, रंगीत चित्रं काढणारं. त्यातलं एकच धरायचं आणि पुढची तीन-चार वर्षं त्याच्या भरवशावर काढायची. चुकलं तर मेहनत मातीत. मे महिन्यात पोर कुडपणला आली ती हेच डोक्यात घेऊन. ताटात भात निवतोय आणि ही भिंतीकडं बघतेय. मी म्हटलं, "अगो, बैल निवडायला तुझ्या आजोबाला इतका वेळ लागत नव्हता." तर म्हणते, "बैल दिसतो तरी गो आये. माझं दिसतच नाय."

मग मी तिला आपले पाणाडे सांगितले. विहिरीची जागा दाखवायला दोघं आलेत, एक उंबराची बेचकी घेऊन, एक तळहातावर नारळ धरून. तुम्ही म्हणता, "आधी मला ठाव हाय ते पाणी दावा, मग ठाव नाय ते." परड्यातला जुना झरा फळ्यांनी झाकून वर तुम्ही पेंढ्याची उडवी रचलीय. बेचकीवाला सावकाश, बांधाबांधानं येतोय. त्याच्या आधीच उडवीपाशी दुसऱ्याचा नारळ उभा राहिला, म्हणजे खाली पाणी. मग त्यानं नवी जागा दाखवली तिथं वाडीनं विहीर खणली. कातळ लागला. होळीनंतर थेंब नाय. विहिरीच्या काठावर बसून तुम्ही म्हणालात, "माझी पारखच खोटी." त्यानंतर कुणी बैल दाखवायला आणला तरी तुम्ही मान फिरवायचात.

पोर ऐकत होती. म्हणाली, "पण आये, नारळवाल्याला झरा आधीच कुणी सांगितला असंल तर?" माझ्या हातातला पळा तसाच राहिला. ती आपल्याच नादात. "सॉफ्टवेअरवालेपण तेच करतात. ज्या प्रयोगाचं उत्तर जगाला ठाव, त्याच्याशी जुळवून घेतात. मला कुणी न बघितलेला झरा पायजे."

तो तिला तिच्या सरांच्या कपाटात मिळाला, कुठंच न छापलेला एक जुना प्रयोग. दोन्ही सॉफ्टवेअरं त्यावर चालवली. नव्यानं झकास चित्र काढलं आणि कण भलतीकडं धाडले. जुन्यानं आठ दिवस खाल्ले, पण बरोबर सांगितलं. फोनवर म्हणाली, "आजोबांची रीत खरी होती गो."

खरीच होती, आबा. नारळवाला सकाळपासून नुसता घिरट्या घालत होता आणि मला विहीर बघायची घाई. मीच त्याच्या कानात सांगितलं, पेंढ्याखाली हाय. "दम धर गो, तुझ्या जिभेला खुंटा नाय," तुम्ही नेहमी म्हणायचात.

हा कागद आता कुठं धाडू? पुढं कितीतरी वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात. वाढताना रोज वाटायचं, आज सांगावं. तेवढ्या एका गोष्टीची मात्र मला कधी घाई झाली नाय.