कड्यातल्या विहारात आबा

रविवार, संध्याकाळ. नवागाम.

गावाकडून आत्ताच घरी पोचलो. पाय भरून आलेत, पण डोक्यातून आबांचा तो तळहात जात नाही.

कड्यातल्या त्या लेण्यात वंदना म्हटली की दगडही आपल्यासोबत म्हणतो, असं आबा आम्हा पोरांना नेहमी सांगायचे. त्यांनी ते लहानपणी आईबरोबर ऐकलेलं. आज पांढरे कपडे घालून आम्ही दोघं चढलो. सगळा काळा, तापलेला कातळ, गवताची काडी नाही. विहारात मेणबत्ती लावून त्रिसरण म्हटलं. मी थांबलो तरी छत घुमतच राहिलं.

आबा माझ्या ओठांकडे बघत होते. जन्मभर लूमवर कापड विणलं त्यांनी; त्या खडखडाटात सगळे असेच ओठ बघून बोलतात. त्यातच त्यांचे कान गेले.

"आवाज परत येस का रे?" ते ओरडले.

"येस ना, आबा!"

त्यांचा प्रश्नही दगडाने परत केला. येस का रे... येस का रे... त्यांना तोही ऐकू आला नाही. मग भिंतीला तळहात लावून किती तरी वेळ उभे राहिले. काही लागलं असेल का हाताला? विचारवलं नाही.

उद्या मलाही लूमवर जायचंच आहे. दुसरं येतं काय?

आत्ता मुलीने खांदा हलवला. आई केव्हाची हाका मारतेय म्हणे.

मी भिंतीला तळहात लावून पाहिला. शेजारचे लूम चालू आहेत. ते तेवढे हाताला नीट लागतात.