बर्फावरची सही

प्रिय बेरिट,

कंबरेचं दुखणं कसं आहे? जिन्याची चढउतार बंद केलीस ना? (केली नसशीलच.) माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा ओट्याशी उभी राहून लिहिते आहे.

बत्तीस वर्षं मी तुझ्या भावाची, डॉक्टर आयनारची, सहायक आहे आणि गावचा दवाखाना मीच चालवते. हाडं बसवते, टाके घालते, तीन बाळंतपणंही केली. पण आमच्या राज्याच्या कायद्याने कागदावर सही डॉक्टरचीच लागते. जानेवारीत आल्विन अपंगांच्या पार्किंगचं कार्ड मागायला आला. त्याला डावा पाय नाही. हे मला दिसतं, गावाला दिसतं. कायद्याला मात्र ते डॉक्टरच्याच डोळ्यांनी दिसावं लागतं. आणि डॉक्टर कुठे? गोठलेल्या तळ्यावर, आपल्या खोपटात, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला. गेले गाडी घेऊन तळ्यावर. पेनातली शाई गोठली, म्हणून त्याने सुताराच्या पेन्सिलीने सही ठोकली. कचेरीने फॉर्म परत पाठवला: पेन्सिल चालत नाही. (चिकटलेल्या माशाच्या खवल्यांबद्दल काही हरकत नव्हती.) पुन्हा गेले, पेन काखेत धरून.

मग मात्र तडक राजधानी गाठली. अनुभवी सहायकांना डॉक्टरच्या सहीवाचून काम करू द्यावं, असं विधेयक समितीपुढे होतं. मला दोन मिनिटं मिळाली. अध्यक्ष गुरं पाळणारा गृहस्थ. त्याने विचारलं, "बाई, डॉक्टर नसताना चूक झाली तर?"

मी म्हटलं, "डॉक्टर असताना झालेल्या सांगते, पण दोन मिनिटं पुरायची नाहीत."

कायदा झाला. परवा राज्यपालांनी सही केली, शाईने. आता मला कुणाचीही गरज नाही.

तुझी,
इंगा

ता. क. कायदा लागू होणार एक जुलैला, आणि तुझा भाऊ निवृत्त होतोय येत्या शुक्रवारी. कायदा लागू होईपर्यंत त्याचं नाव कागदावर नसेल तर दवाखान्याला कुलूप. पुढचा दवाखाना नव्वद मैलांवर. विचारलं तर म्हणतो, "तुला माझी गरजच काय, इंगा? राजधानीत तूच सांगून आलीस ना." थोरल्या बहिणीचं तो ऐकतो. त्याला जुलैपर्यंत थांबव.

ता. क. (दुसरा) या हिवाळ्यात मी त्याच्या खोपटात अकरा वेळा गेले. नऊ वेळा सहीसाठी. दोन वेळा रोग्याला काय झालंय ते मला खरोखरच कळत नव्हतं, आणि गळावरची नजर न काढता त्याने ते सांगितलं. हे त्याला सांगू नकोस. अगदीच ऐकेना, तर सांग.